एका तारेवरील अनेक सेन्सर : जोडणी, परीक्षा व दोषनिवारण

द्राक्षबागाइतदारांच्या मळ्यांत छाटणीची कात्री, ठिबकाच्या नळ्या व फवारणीचा पंप ह्यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक वस्तु येऊन बसली आहे. बांधाच्या कडेला एक लोखंडी खांब, त्यावर लहानसें सौर पॅनेल, खालीं बंद पेटी आणि पेटींतून निघून वेलींच्या ओळींत शिरलेली एक काळी केबल, असें तिचें स्वरूप असतें. पेटींतील यंत्रास डेटा लॉगर म्हणतात. आपण त्यास नोंदयंत्र म्हणूं. हवेची उष्णता व आर्द्रता, पानांवरील ओल, जमिनींतील ओल इत्यादि गोष्टी मोजणारे सेन्सर त्या केबलीवर जोडलेले असतात, व ठराविक वेळानें त्यांचे आंकडे हें यंत्र टिपून ठेवितें. महाराष्ट्रांत २०१७ सालापासून 'महावेध' योजनेखालीं महसूल मंडळांच्या हिशेबानें स्वयंचलित हवामान केंद्रें उभारण्यांत आलीं. तथापि मंडळाचें केंद्र आपल्या बागेपासून कित्येक किलोमीटर दूर असूं शकतें, आणि नदीकांठच्या बागेंत व माळावरच्या बागेंत दंव सारखें पडत नाहीं. म्हणून ज्यास परवडतें तो आपल्या बागेंत स्वतःचे सेन्सर बसवितो, व तें योग्यच आहे.

परंतु यंत्र बसविण्याचा खर्च एकदां होतो, आणि त्याच्या आंकड्यांवर निर्णय मात्र रोज घ्यावे लागतात. ऑक्टोबर छाटणीनंतर कोंवळी फूट निघाली असतां पावसाळी हवा आली म्हणजे केवड्याची भीति उत्पन्न होते. अशा वेळीं पानें किती तास ओलीं राहिलीं ह्या एका आंकड्यावर फवारणी घ्यावी कीं न घ्यावी हें ठरतें. तो आंकडा चुकला तर एक तर औषधाचे व मजुरीचे पैसे व्यर्थ जातात, नाहीं तर घड हातचे जातात. आंकडा मुळींच मिळाला नाहीं तर बागाइतदार सावध होतो व स्वतः बागेंत जाऊन पाहतो. चुकीचा आंकडा मिळाला तर तो घरीं निश्चिंत राहतो. म्हणून न बोलणाऱ्या सेन्सरापेक्षां खोटें बोलणारा सेन्सर अधिक घातक होय.

हें काम कंपनीच्या माणसाचें आहे असें समजून पुष्कळ बागाइतदार पेटीस हात लावीत नाहींत. वास्तविक ज्यास पंपाच्या स्टार्टरचा दोष ओळखतां येतो, त्यास हेंहि साधण्यासारखें आहे. त्यासाठीं लागणारी माहिती प्रस्तुत लेखांत क्रमानें देत आहों.

एका तारेवर बोलणें कसें चालतें

प्रत्येक सेन्सरापासून पेटीपर्यंत स्वतंत्र केबल ओढावयाची म्हटली तर केबलीचा खर्च फार वाढतो, आणि पेटींत तितक्या जोडण्यांस जागाहि नसते. यास्तव सर्व सेन्सर एकाच केबलीवर ओवण्याची रीति निघाली. मोजलेला आंकडा लहान लहान विजेच्या खुणांत फोडावयाचा व त्या खुणा एकामागून एक तारेवरून पाठवावयाच्या, ह्या पद्धतीस सीरियल म्हणजे क्रमिक पद्धति म्हणतात.

शाळेंत गुरुजी हजेरी घेतात, तेंच येथें चालतें. गुरुजी एकेकाचा क्रमांक पुकारतात. ज्याचा क्रमांक असेल तोच 'हजर' म्हणतो, बाकीचे गप्प राहतात. नोंदयंत्र हें गुरुजींच्या जागीं व सेन्सर हे मुलांच्या जागीं समजावेत. ह्यांतून तीन गोष्टी निघतात. पहिली, प्रत्येक सेन्सराचा क्रमांक, ज्यास 'पत्ता' असें म्हणतात, तो निराळा पाहिजे. दोघांचा एकच असला तर दोघे एकदम ओरडतील व कोणाचेंच धड ऐकूं येणार नाहीं. दुसरी, सर्वांची बोलण्याची गति एक पाहिजे. तिसरी, सर्वांची भाषा एक पाहिजे. जोडणींतील बहुतेक दोष ह्या तीन गोष्टींपैकीं एखादी मोडल्यानें किंवा तारेंतील खोटीनें उत्पन्न होतात.

शेतीच्या कामांत दोन पद्धति विशेष आढळतात. एकीचें नांव एस-डी-आय १२. ही १९८८ सालीं अमेरिकेंत नद्या, तलाव इत्यादींच्या पाण्याचें मोजमाप करणारांच्या सोयीसाठीं निघाली. हिला १२ व्होल्ट, माहिती व ग्राउंड अशा तीनच तारा लागतात. गति सेकंदास १२०० खुणा. केबलीची लांबी सुमारें ६० मीटरपर्यंत. पत्ता एकच अंक किंवा अक्षर, आणि नव्या सेन्सराचा पत्ता बहुधा शून्य. लहान बागेस ही पद्धति पुरते.

दुसऱ्या पद्धतींत तारेचे नियम आर-एस ४८५ ह्या नांवाचे व भाषा मॉडबस नांवाची असते. तारेचें हें मानक १९८३ सालचें आहे, आणि भाषा १९७९ सालीं मॉडिकॉन ह्या अमेरिकन कंपनीनें कारखान्यांतील नियंत्रणयंत्रांसाठीं तयार केली. कारखान्यासाठीं निघालेली ही भाषा साधी व सर्वांस खुली असल्यामुळें शेतांतील सेन्सरांतहि रूढ झाली. कमी गतीनें ही केबल १२०० मीटरपर्यंत नेतां येते, व सामान्य मानानें ३२ उपकरणें एका तारेवर बसतात. दोन्ही पद्धतींचे सेन्सर एकाच तारेवर मिसळूं नयेत; नोंदयंत्रांत दोघांच्या जोडणीच्या जागा निरनिराळ्या असतात. मोठ्या बागेस दुसरी पद्धति सोयीची असल्यानें पुढील विवेचन मुख्यतः तिच्यासंबंधानें आहे. पर्जन्यमापक ह्या तारेवर बहुधा नसतो. त्यांतील लहान पळी भरून कलंडली म्हणजे एक ठोका जातो, व त्याची तार पेटींत वेगळी येते.

तारा ओढतांना

आर-एस ४८५ मध्यें माहितीच्या दोन तारा असतात. त्यांस ए व बी म्हणतात. ऐकणारें यंत्र ह्या दोन तारांच्या दाबांतील फरक तेवढा पाहतें. दोन्ही तारा एकमेकींस पीळ घालून नेल्या तर पंपाच्या वा विजेच्या तारेचा उपद्रव दोघींवर सारखा होतो, फरक कायम राहतो व निरोप बिघडत नाहीं. म्हणून पीळ दिलेली केबलच घ्यावी. घरांतील दिव्यांची साधी वायर लांब अंतरास वापरूं नये. ए-बी बरोबर ग्राउंडची तारहि सर्व उपकरणांस जोडावी. ती न जोडल्यास कोरड्या दिवसांत काम चालल्यासारखें दिसतें, व पुढें केव्हां तरी अकारण बंद पडतें.

केबल एका सेन्सराकडून दुसऱ्याकडे, तेथून तिसऱ्याकडे, अशी माळेप्रमाणें न्यावी. पेटीपासून चार दिशांस चार फांट्या फोडूं नयेत. फांटीच्या टोकापाशीं निरोप आपटून परततो व मूळ निरोपांत मिसळतो. ह्याच कारणानें लांब माळेच्या दोन्ही टोकांस, आणि दोन्ही टोकांसच, १२० ओहमचा एकेक रोधक ए व बी ह्यांच्यामध्यें लावावा.

विजेच्या दाबाचा हिशेब पुष्कळ जण करीत नाहींत. समजा, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेनें २०० मीटरवर पांच सेन्सर नेले आहेत व प्रत्येकास ३० मिलिअँपियर वीज लागते. जाण्यायेण्याच्या ४०० मीटर तारेचा रोध सुमारें १४ ओहम होतो, व १५० मिलिअँपियर प्रवाहानें त्यांत दोन व्होल्ट खर्च होतात. पहाटे बॅटरी ११.५ व्होल्टांवर आली असेल तर शेवटच्या सेन्सरास साडेनऊच व्होल्ट पोंचतात, व त्याची किमान गरज दहाची असेल तर तो गप्प बसतो. ऊन पडून बॅटरी भरली कीं तोच सेन्सर पुन्हां बोलूं लागतो. रोज पहाटे बंद व दुपारीं चालू असा प्रकार दिसला तर सेन्सरास दोष न देतां दूरच्या टोकाचा दाब मोजावा, व तोहि सर्व सेन्सर चालू असतांना.

केबल पीव्हीसी नळींत घालून, रोटाव्हेटरच्या पात्यांपासून खोल पुरावी. नाहीं तर उंदीर किंवा औत ह्यांपैकीं एक तिचा शेवट करतो. पंपाच्या केबलीस समांतर नेऊं नये. ओलांडावीच लागली तर काटकोनांत ओलांडावी. सांधे जमिनींत पुरूं नयेत. पुरावेच लागले तर पाणी न शिरणाऱ्या जेलच्या डब्यांत बंद करावेत. वळिवाच्या विजांचा विचार करून पेटीपाशीं वीजरोधक व चांगलें अर्थिंग अवश्य ठेवावें.

पुरण्यापूर्वीं नांव द्यावें

एकाच जातीचे चार सेन्सर आणले म्हणजे चौघांचा पत्ता कारखान्यांतून बहुधा एकच असतो. ते तसेच तारेवर चढविले तर काय होईल हें वर सांगितलें आहे. म्हणून घरीं टेबलावर बसून, एका वेळीं एकच सेन्सर जोडून, त्यास पत्ता द्यावा. ह्यासाठीं यूएसबी-४८५ हा लहान जोड व एक लॅपटॉप पुरतो. कोणत्या कोठ्यांत पत्ता लिहावयाचा हें सेन्सराच्या माहितीपत्रकांत दिलेलें असतें. मॉडबसमध्यें पत्ते १ ते २४७ पर्यंत चालतात. नवा सेन्सर बहुधा १ ह्या पत्त्यावर येतो, म्हणून १ हा पत्ता कोणासहि कायमचा देऊं नये. पुढें बदली सेन्सर जोडतांना तो मोकळा लागतो. एस-डी-आय १२ मध्यें तारेवर एकटाच सेन्सर असतांना '?!' अशी आज्ञा दिली कीं तो आपला पत्ता सांगतो. दोन सेन्सर असतांना ही आज्ञा देऊं नये.

पत्ता बदलल्यावर वीज बंद करून पुन्हां सुरू करावी व नव्या पत्त्यावर उत्तर येतें कीं नाहीं तें पाहावें. कांहीं सेन्सर वीज बंद झाल्यावांचून नवा पत्ता मानीत नाहींत. ह्याच वेळीं गति पाहून घ्यावी. ९६०० ही गति पुष्कळ ठिकाणीं असते, परंतु कांहीं सेन्सर ४८०० वर, तर कांहीं १९२०० वर येतात. गतीबरोबर पॅरिटी नांवाची जुळणीहि सर्वांची एक पाहिजे. त्यानंतर पत्ता केबलीच्या दोन्ही टोकांस पक्क्या रंगानें लिहावा. कागदी चिठ्ठी एक पावसाळाहि टिकत नाहीं.

शेवटीं ओळखपरेड घ्यावी. सर्व सेन्सर तारेवर जोडून एकेक सेन्सर पाण्याच्या बादलींत बुडवावा व कोणता आंकडा चढतो तें पाहावें. पानाच्या सेन्सरावर ओलें फडकें ठेवावें. आर्द्रतेच्या सेन्सरावर श्वास सोडावा. हें काम अर्ध्या तासाचें आहे, पण तें टाळल्यास काय होतें तें पाहा. ३० सेंटीमीटर व ६० सेंटीमीटर खोलीच्या सेन्सरांचे पत्ते उलटे पडले, तर वर ओल असून खालीं कोरडें आहे असें यंत्र सांगेल, किंवा ह्याच्या उलट. आणि बागाइतदार त्यावरून पाण्याचे तास ठरवील. सेन्सर पुरून झाले असतील तर ठिबक सुरू करून वाट पाहावी. पाणी आधीं ३० सेंटीमीटरवर पोंचतें व मागाहून ६० वर. नोंद जर उलटी दिसली तर बहुधा पत्ते उलटे झाले आहेत असें समजून तपास करावा. काळ्या जमिनीस भेगा असल्यास मात्र पाणी भेगेंतून थेट खालीं उतरतें, म्हणून ही परीक्षा भेगा मिटल्यावर घ्यावी.

आंकड्याचा अर्थ लावणें

उत्तर आलें म्हणजे आंकडा खरा आला असें नव्हे. मॉडबसमध्यें प्रत्येक सेन्सराच्या पोटांत क्रमांक दिलेले कोठे असतात. नोंदयंत्रानें कोणता कोठा वाचावा, कोणत्या आज्ञेनें वाचावा व त्यांतील संख्येचा अर्थ काय करावा, हें आपण सांगावयाचें असतें. येथें चार चुका वारंवार होतात.

पहिली चूक एका अंकाची. कांहीं माहितीपत्रकांत कोठ्यांची मोजणी शून्यापासून असते, कांहींत एकापासून. उष्णतेच्या जागीं आर्द्रता व आर्द्रतेच्या जागीं भलतेंच येऊं लागलें तर एक कोठा मागें किंवा पुढें पाहावा. दुसरी चूक आज्ञेची. वाचनाच्या आज्ञा मुख्यतः दोन, ३ व ४. सेन्सर एकीसच उत्तर देत असेल तर दुसरी देऊन उपयोग नाहीं. तिसरी चूक दशांशाची. सेन्सर २६.५ अंश हें २६५ असें पाठवितो. दहानें भागण्याचें नोंदयंत्रास सांगावें लागतें. चवथी चूक उणे संख्येची. जमिनींतील पाण्याची ओढ उणे संख्येनें दाखवितात. उणे ३० ही संख्या पाठविली असतां नोंदयंत्र तिला उणे न मानील तर ६५५०६ असा राक्षसी आंकडा लिहील. ६५ हजारांच्या आसपासचे आंकडे दिसूं लागले तर सेन्सर बिघडला नसून उणे खूण वाचावयाची राहिली आहे, असा पहिला संशय घ्यावा.

ह्यापुढचा प्रश्न तारेचा नसून मातीचा आहे. ओलीचे बहुतेक सेन्सर कारखान्यांत सामान्य मातीवर बेतलेले असतात. आपली भारी काळी जमीन त्यांना परकी वाटते, व भेगेमुळें सेन्सराभोंवतीं हवा राहिली तर ओल खोटी कमी दिसते. म्हणून सेन्सर त्याच मातीच्या चिखलांत घट्ट बसवावा, आणि एकदां तरी मातीचा नमुना तोलून पाहावा. ओली माती १३० ग्रॅम भरली व १०५ अंशांवर २४ तास वाळविल्यावर १०० ग्रॅम राहिली, तर वजनानें ओल ३० टक्के झाली. त्या मातीची घनता १.३ असेल तर आकारमानानें ती ३९ टक्के होते, व सेन्सर ही दुसरी संख्या सांगतो. दोहोंची तुलना ही कसोटी. ती आपल्या जवळच्या कृषि विज्ञान केंद्राच्या माती-प्रयोगशाळेच्या साह्यानें करतां येईल.

दोष शोधण्याचा क्रम

दोष उत्पन्न झाला कीं एकदम सेन्सर उपटूं नयेत. प्रथम कोण गप्प आहे तें पाहावें.

(१) सर्वच गप्प असतील तर दोष बहुधा पेटीपाशीं किंवा मुख्य तारेंत असतो. बॅटरीचा दाब, फ्यूज, ग्राउंडचा सांधा व ए-बी तारा पाहाव्यात. ए व बी हीं नांवें सर्व कारखानदार एकाच अर्थानें वापरीत नाहींत. म्हणून दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. त्यानें सहसा नुकसान होत नाहीं. मात्र १२ व्होल्टांची तार ए किंवा बी वर चढली तर उपकरण जळूं शकतें, हें ध्यानांत ठेवावें.

(२) सर्वच गप्प असून वीज ठीक असेल, तर वीज बंद करून ए व बी ह्यांमधील रोध मीटरनें मोजावा. दोन्ही टोकांचे रोधक जागेवर असतील तर सुमारें ६० ओहम दिसतात. १२० दिसले तर एक रोधक निघाला आहे किंवा मध्यें तार तुटली आहे. शून्याजवळ दिसले तर दोन तारा कोठें तरी चिकटल्या आहेत.

(३) एका ठिकाणापासून पुढचे सर्व गप्प असतील तर त्या दोन सेन्सरांमधील सांधा पाहावा. दोष कोठें आहे तें कळत नसेल तर माळ मध्यावर तोडून अलीकडचा अर्धा भाग तपासावा. तो चालला तर दोष पलीकडे आहे. त्या अर्ध्याचा पुन्हां अर्धा करावा. सोळा सेन्सरांच्या माळेंतील दोष ह्या रीतीनें चार खेपांत सांपडतो.

(४) एकच गप्प असेल तर त्यास एकट्यास लॅपटॉपवर जोडून त्याचा पत्ता व गति विचारावी. तो तेथें बोलला तर सेन्सर चांगला आहे. दोष पत्त्यांत, गतींत किंवा दाबांत आहे.

(५) उत्तर येतें पण विस्कटलेलें येतें, असें यंत्र सांगत असेल, तर हा दोष गप्प बसण्याहून निराळा आहे. प्रत्येक निरोपाच्या शेवटीं पडताळ्याची संख्या जोडलेली असते. ती न जुळल्यास निरोप वाटेंत बिघडला असें ठरतें. दोघांचा एक पत्ता, टोकांचे रोधक नसणें, पंपाच्या केबलीचा शेजार, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. पंप सुरू होतांच चुका वाढत असतील तर शेजार हेंच कारण समजावें.

(६) 'असा कोठा नाहीं' अशा अर्थाचा दोन क्रमांकाचा नकार आला तर तें शुभचिन्ह समजावें. तार, पत्ता, गति व भाषा हीं सर्व बरोबर असल्यावांचून सेन्सर नकारहि देऊं शकत नाहीं. आतां कोठ्याचा क्रमांक तेवढा सुधारावयाचा राहिला.

(७) पहिलें उत्तर नेहमीं चुकतें व दुसरें बरोबर येतें, असें असेल तर सेन्सरास जागें होण्यास वेळ मिळत नाहीं. बॅटरी वाचविण्यासाठीं वाचनापुरतीच वीज दिली असेल, तर वीज दिल्यावर माहितीपत्रकांत सांगितले असतील तितके सेकंद थांबून मग विचारावें.

शून्य आणि मौन

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सेन्सरानें उत्तर दिलें नाहीं तर नोंदयंत्र त्या वेळच्या रकान्यांत काय लिहितें? हा प्रश्न विकत घेणारा सहसा विचारीत नाहीं, आणि सर्व भरंवसा त्यावरच अवलंबून आहे.

कांहीं यंत्रें शून्य लिहितात. पानांची ओल दाखविणारा सेन्सर रात्रीं बंद पडला व शून्य लिहिलें गेलें, तर सकाळीं पानें रात्रभर कोरडीं होतीं असा अर्थ निघतो, आणि नेमक्या त्याच रात्रीं केवड्यास अनुकूल हवा असूं शकते. जमिनीची ओल शून्य लिहिली गेली व ठिबकाचा स्वयंचलित व्हॉल्व्ह त्या आंकड्यावर चालत असला, तर तो पाणी सोडीतच राहील. उष्णतेचें उदाहरण घेऊं. दिवसाच्या २४ नोंदींपैकीं १८ नोंदी २५ अंशांच्या आहेत व सहा वेळां उत्तर न आल्यानें शून्य लिहिलें आहे. सरासरी १८.७५ निघते. हा आंकडा पाहून कोणासहि संशय येणार नाहीं. हिंवाळ्याच्या दिवसांत तो अगदीं खरा वाटेल.

दुसरीं कांहीं यंत्रें मागचाच आंकडा पुन्हां लिहितात. हा गोठलेला आंकडा ओळखण्याची खूण अशी कीं, हवेची उष्णता व आर्द्रता दशांशापर्यंत सारखी कित्येक तास राहत नाहीं. आलेखांत हवेची रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ दिसली तर तो सेन्सर मेला आहे असें धरून चालावें. खोल जमिनीची ओल मात्र दिवसभर स्थिर राहूं शकते. तिच्याबाबतींत शेवटचें खरें उत्तर कोणत्या वेळीं आलें तें यंत्रास विचारावें.

ह्यास उपाय असा. उत्तर न आल्यास रकाना रिकामा ठेवावा, अथवा उणे ९९९९ असा अशक्य आंकडा लिहावा, अशी नोंदयंत्रास आज्ञा द्यावी. मात्र हा आंकडा सरासरींत घेऊं नये अशीहि व्यवस्था करावी. वरील उदाहरणांत एक जरी उणे ९९९९ सरासरींत शिरला, तरी दिवसाची उष्णता शून्याखालीं शेंकडों अंश दिसेल. पण ही चूक दुसरीपेक्षां बरी, कारण ती डोळ्यांत भरते. शून्याची चूक डोळ्यांत भरत नाहीं, म्हणून ती घात करते. स्वयंचलित व्हॉल्व्ह असेल तर आंकडा न मिळाल्यास तो बंद राहावा, अगर ठरलेल्या तासांपुरताच उघडावा, असा बंदोबस्त हवा.

सर्व बरोबर असल्याची खात्री करावयाची तर एक सोपी परीक्षा आहे. दिवसाढवळ्या एका सेन्सराची जोडणी मुद्दाम काढावी व तासाभरानें मोबाइलवर काय दिसतें तें पाहावें. तेथें 'उत्तर नाहीं' असें दिसलें तर यंत्र प्रामाणिक आहे. आंकडा दिसत राहिला तर विकणारास बोलवावें, व तो दोष दूर होईपर्यंत त्या आंकड्यांवर फवारणी किंवा पाणी ठरवूं नये.

नोंदवही व खरेदी

पेटींत एक प्लॅस्टिकच्या पाकिटांतील कागद व घरीं त्याची प्रत ठेवावी. त्यांत प्रत्येक सेन्सराचा पत्ता, जात, ओळ व वेल, खोली, बसविल्याची तारीख, गति, वाचावयाचा कोठा, भागावयाची संख्या व चारहि तारांचे रंग लिहावेत. बसविणारा माणूस पुढच्या वर्षीं त्या कंपनींत असेलच असें नाहीं. पण ती वही आपल्या घरीं राहते. दोष सांपडला कीं तो व त्याचा उपाय तारीख घालून त्याच वहींत लिहावा. दोन हंगामांनंतर ती वही कोणत्याहि माहितीपत्रकापेक्षां अधिक उपयोगी ठरेल.

नवें यंत्र घेतांना किंमतीच्या आधीं चार प्रश्न विचारावेत. सेन्सराच्या कोठ्यांचा तक्ता देणार काय? पत्ता व गति मला स्वतःस बदलतां येईल काय? नोंदींची संपूर्ण प्रत माझ्या हातीं येईल, कीं ती तुमच्याच संगणकांत राहील? आणि सेन्सर गप्प बसला तर यंत्र काय लिहील? ह्या चारहि प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळाल्यावांचून पैसे देऊं नयेत. ज्या सेन्सराचा तक्ता मिळत नाहीं, तो कंपनी बंद झाल्यावर जमिनींत पुरलेला निरुपयोगी धातु होतो.

छाटणीपूर्वींचा आठवडा ह्या तपासणीस उत्तम होय. त्या वेळीं बागेंत घाई नसते, व दोष सांपडला तर दुरुस्तीस अवधि मिळतो. बॅटरीचा दाब, दूरच्या टोकाचा दाब, ए-बी मधील रोध, बादलीची परीक्षा व जोडणी काढून पाहण्याची परीक्षा, ह्या पांच गोष्टी एका सकाळीं उरकतात. ज्या बागाइतदारांनीं असे सेन्सर बसविले आहेत, त्यांनीं येत्या छाटणीपूर्वीं ती एक सकाळ ह्या कामास द्यावी, अशी आमची सूचना आहे.